शेवटचा आसरा : देवगिरीचा बालेकिल्ला आणि नॉर्मनांचे 'कीप'

मित्रांनो, किल्ला म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर काय येतं? डोंगर, बुरूज, एखादी गंजलेली तोफ आणि पायथ्याशी भाजलेली कणसं विकणारा! ट्रिपला गेलो की आपण धापा टाकत वर चढतो, ग्रुप फोटो काढतो, खाली उतरतो आणि विसरून जातो. किल्ला म्हणजे इतिहासवाल्यांचा विषय, असं आपण धरूनच चालतो. पण थोडा विचार केला तर किल्ला हा आधी इंजिनिअरिंगचा विषय आहे. भिंत किती जाड हवी, पाया कशावर घ्यायचा, दार कुठे ठेवायचं, पाणी कुठून आणायचं, हे प्रश्न राजाने तलवार उपसण्याच्या कितीतरी आधी कोणीतरी सोडवलेले असतात. त्या 'कोणीतरी'चं नाव मात्र बहुतेक वेळा इतिहासात सापडत नाही.

या सगळ्या प्रश्नांत एक प्रश्न मला फार इंटरेस्टिंग वाटतो. समजा, बाहेरची तटबंदी पडली. शत्रू आत आला. आता काय? याचं उत्तर म्हणजे किल्ल्याच्या आतला किल्ला, शेवटचा आसरा. इंग्रजीत त्याला 'कीप' म्हणतात आणि आपल्याकडे बालेकिल्ला. 'बाला' हा फारसी शब्द आहे, त्याचा अर्थ वरचा. बालेकिल्ला म्हणजे वरचा किल्ला.

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे 'कॅसल' हा शब्द मला 'गड'च्या आधी भेटला. म्हणून सुरुवात तिकडूनच करतो आणि मग आपल्या महाराष्ट्रात येतो. दोन्ही शेजारी शेजारी ठेवून पाहिलं की गंमत जास्त कळते.

डोंगर नसेल तर डोंगर बांधा

इ. स. १०६६ मध्ये फ्रान्सच्या नॉर्मंडी प्रांतातला विल्यम हा सरदार समुद्र ओलांडून इंग्लंडमध्ये आला आणि हेस्टिंग्जची लढाई जिंकून राजा झाला. जिंकणारे मूठभर आणि जिंकलेला देश मोठा. शिवाय लोक आपल्यावर खूश नाहीत हे त्यांना पक्कं माहीत होतं. म्हणून त्यांनी गावोगावी झटपट किल्ले उभे केले. मातीचा एक उंच ढिगारा, त्यावर लाकडी मनोरा आणि खाली कुंपण घातलेलं अंगण. मजूर कोण? तर तिथलेच हरलेले लोक.

पण लाकूड कुजतं आणि जळतं. मग दगडी मनोरा बांधायचं ठरलं. इथे सिव्हिलवाल्यांनी लक्ष द्यावं. त्याच मातीच्या ढिगाऱ्यावर दगडी मनोरा का नाही बांधला? साधा हिशोब करू. दगडी बांधकामाचं वजन घनमीटरला साधारण २.२ टन धरा. २७ मीटर उंच भिंत म्हणजे पायाशी प्रत्येक चौरस मीटरवर पन्नास-साठ टन भार! नुकत्याच टाकलेल्या भरावाला दहा टनही जड जातात. इमारत खचणार, तडे जाणार. इंग्लंडमध्येच यॉर्क इथे पुढे अशा ढिगाऱ्यावर दगडी मनोरा बांधला गेला आणि चौदाव्या शतकात त्याला वरपासून खालपर्यंत तडे गेल्याची नोंद आहे. म्हणून सुरुवातीचे मोठे दगडी कीप सपाट, घट्ट जमिनीवर उभे राहिले. ढिगारा गेला आणि मनोराच डोंगर झाला.

याचं सर्वात प्रसिद्ध उदाहरण म्हणजे लंडनचा 'व्हाइट टॉवर'. १०७८ च्या सुमारास काम सुरू झालं. देखरेखीला गंडल्फ नावाचा बिशप होता. म्हणजे चक्क एक धर्मगुरू प्रोजेक्ट इन-चार्ज! इमारत सुमारे ३६ मीटर लांब, ३२ मीटर रुंद आणि २७ मीटर उंच. भिंती पायाशी साडेचार मीटरच्या आसपास जाड आणि वर जाता जाता सव्वातीन मीटरपर्यंत कमी होत गेलेल्या. बाहेरून-आतून दगडाचा थर आणि मध्ये चुन्यात कालवलेला दगडगोट्यांचा भराव, अशी ही भिंत. कोपऱ्यांसाठी चांगला घडाईचा दगड नॉर्मंडीतून जहाजाने आणलेला. पुढे १२४० मध्ये तिसऱ्या हेन्री राजाने बाहेरून चुन्याची सफेदी करायला लावली, म्हणून नाव व्हाइट टॉवर.

आता याचं प्लॅनिंग बघा. दार तळमजल्यावर नाहीच! दार पहिल्या मजल्यावर, जमिनीपासून उंच, आणि चढायला बाहेरून लाकडी जिना. संकट आलं की जिना काढून टाकायचा. तळमजल्यावर कोठार आणि विहीर. दारातून आत शिरल्यावर वर जाणारा गोल जिना कुठे? तर तिरपा समोरच्या टोकाच्या कोपऱ्यात. म्हणजे शत्रू आत घुसला तरी त्याला अख्खा मजला ओलांडल्याशिवाय वर जाता येणार नाही. इमारतीच्या मधोमध एक जाड आडवी भिंत आहे. तिचा एक उपयोग म्हणजे लाकडी तुळयांचा स्पॅन कमी होतो. आणि दुसरा? अर्धी इमारत गेली तरी उरलेल्या अर्ध्या इमारतीत लढता येतं!

इकडे मात्र डोंगर तयारच होता

आता आपल्याकडे येऊ. छत्रपती संभाजीनगर (जुने औरंगाबाद) शहराजवळचा दौलताबाद, म्हणजेच देवगिरी. बाराव्या शतकाच्या शेवटी यादव राजा पाचवा भिल्लम याने इथे राजधानी वसवली. इथे डोंगर बांधायची गरजच नव्हती. सपाट मैदानात सुमारे दोनशे मीटर उंचीचा शंकूसारखा एक डोंगर एकटाच उभा आहे. तोही आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणाचा.

पण नुसता डोंगर म्हणजे किल्ला नव्हे. डोंगराला उतार असतो, आणि उतार असला की माणूस चढतो. म्हणून इथल्या कारागिरांनी भलतंच काम केलं. त्यांनी डोंगराचा उतारच कापून टाकला! चारही बाजूंनी खालचा भाग तासून सरळ उभा कडा केला, आणि कड्याच्या पायथ्याशी खडकातच खोल खंदक खोदला. नॉर्मन माणसाने दगडावर दगड रचून भिंत केली, आपल्या माणसाने दगडातून दगड काढून भिंत केली. तिकडे ऍडिशन, इकडे सबट्रॅक्शन. वेरूळचं कैलास लेणं इथून थोड्याच अंतरावर आहे हे लक्षात घेतलं की असं काम कोणाच्या हातून होऊ शकतं ते कळतं. अर्थात देवगिरीचं आज दिसणारं सगळं काम एका राजाचं नाही. यादव, तुघलक, बहमनी, निजामशाही, मुघल अशा सगळ्यांनी पिढ्यान् पिढ्या त्यात भर घातली आहे.

या कड्याचा फायदा कळायला रचीव भिंतीचा तोटा आठवा. रचीव भिंतीत सांधे असतात, खाली माती असते, माती उकरता येते. अखंड खडकाला सांधाच नाही. खालून सुरुंग खणायचा तर कुठे खणणार?

कड्याच्या बाहेर तटबंदीची वलयं आहेत. सर्वात बाहेर अंबरकोट, मग महाकोट, मग डोंगराजवळ काळाकोट. महाकोटाच्या भिंती सहा ते नऊ फूट जाड आणि अठरा ते सत्तावीस फूट उंच आहेत, आणि त्यांना ५४ बुरूज आहेत. दरवाजे एका रेषेत नाहीत. एक ओलांडला की वळावं लागतं, मग पुढचा. दारांवर लोखंडी अणकुचीदार खिळे आहेत, कारण हत्तीला धावायला जागा दिली नाही आणि डोकं टेकवायलाही जागा दिली नाही, की हत्ती निरुपयोगी!

दार कुठे ठेवायचं?

व्हाइट टॉवरचा काढता येणारा जिना लक्षात आहे ना? आता गंमत ऐका. चौदाव्या शतकात मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता दौलताबादला आला होता. त्याने लिहून ठेवलंय की बालेकिल्ल्यावर चढायला चामड्याची शिडी आहे आणि ती रात्री वर ओढून घेतात. लंडन कुठे, देवगिरी कुठे! एकमेकांचं नावही न ऐकलेल्या लोकांनी एकाच प्रश्नाला एकच उत्तर काढलं. प्रश्न सारखा असला की उत्तरं सारखी येतात, हे आपल्या सबमिशनच्या जर्नल्सवरून सर-मॅडमना माहीतच आहे!

(याच इब्न बतूताने इथल्या तळघरातल्या उंदरांबद्दलही लिहिलंय. म्हणे ते मांजरापेक्षा मोठे होते आणि मांजरंच त्यांना घाबरून पळायची. हॉस्टेलवाल्यांना यात नवल वाटू नये.)

शिडीच्या पुढची पायरी म्हणजे 'अंधारी'. खंदकावरून आत जायला एकच अरुंद वाट. जुना पूल मुद्दाम खालच्या पातळीवर ठेवलेला, म्हणजे खंदकातलं पाणी वाढवलं की पूलच पाण्याखाली. तो ओलांडला की वाट सरळ डोंगराच्या पोटात शिरते. खडकात कोरलेला हा नागमोडी भुयारी मार्ग म्हणजे अंधारी. आत उजेड नाही, पायऱ्या एकसारख्या नाहीत, वळणं अचानक येतात. बाहेरच्या उन्हातून आत आलेल्या माणसाला काही वेळ काहीच दिसत नाही, आणि आत दबा धरून बसलेल्याचे डोळे मात्र अंधाराला सरावलेले. वरच्या तोंडाशी लोखंडी झाकण आणि विस्तवाची सोय. झाकण लावून जाळ केला की धूर भुयारात भरायचा आणि शत्रूची फौज गुदमरायची. मेकॅनिकलवाल्यांनी इथे हवेच्या झोताचा विचार करून बघावा. धूर एरवी वर जातो, तो खाली ढकलायचा म्हणजे हवेची वाट विचारपूर्वकच ठेवावी लागते.

म्हणजे लंडनमध्ये जिना लांबच्या कोपऱ्यात ठेवून जे साधलं, तेच इथे अख्खा डोंगर कोरून साधलं. शत्रूला ताकद असूनही ती वापरता येऊ नये, हाच दोन्हीकडचा हेतू.

पाण्याचा हिशोब

आपला गोंदिया तलावांचा जिल्हा. नवेगावबांधसारखे तलाव बांधणाऱ्या कोहळी लोकांचा वारसा आपल्याकडे आहे, गावोगावी मामा तलाव आहेत. त्यामुळे पावसाळ्यात पाणी अडवलं नाही तर उन्हाळ्यात काय होतं हे आपल्याला वेगळं सांगायला नको. किल्ल्याचंही तसंच. महाकोटात एक दगडी हत्ती हौद आहे, सुमारे ३८ मीटर लांब, तेवढाच रुंद आणि साडेसहा मीटरहून थोडा जास्त खोल. गुणाकार करा, साधारण ९५०० घनमीटर, म्हणजे ९५ लाख लिटर! हजार माणसांना रोज दहा लिटर दिलं तर बाष्पीभवन सोडून साडेनऊशे दिवस पुरेल. मातीच्या नळांनी पाणी खेळवलेलं होतं. वर डोंगरावरही खडकात खोदलेली टाकी आहेत.

नॉर्मन लोकांनी हाच प्रश्न इमारतीच्या आत विहीर घेऊन सोडवला. इंग्लंडच्या रॉचेस्टर इथल्या कीपमध्ये तर विहिरीचा उभा बोगदा मधल्या भिंतीतून थेट वरपर्यंत नेलेला आहे. प्रत्येक मजल्यावर झरोका, तिथूनच पोहरा सोडायचा. बाराव्या शतकातली ही फ्लोअर-वाइज पाणीपुरवठ्याची सोय!

परीक्षा

डिझाइन कागदावर कितीही सुंदर असलं तरी परीक्षा प्रत्यक्ष लोड आल्यावरच होते. तीन वेढे बघू.

पहिला रॉचेस्टरचा, १२१५ चा. ११२७ नंतर उभा राहिलेला हा कीप सुमारे ३५ मीटर उंच आहे. राजा जॉनविरुद्ध बंड करून सरदार आत बसले होते. राजाने एका कोपऱ्याखाली भुयार खणलं, छताला लाकडी टेकू दिले, आणि मग हुकूम सोडला की खाण्याच्या लायकीची नसलेली, चरबीने भरलेली चाळीस डुकरं पाठवा! त्या चरबीने टेकू पेटवले, टेकू जळाले आणि वरचा कोपरा कोसळला. चौकोनी मनोऱ्याचा कोपरा हीच त्याची दुखरी जागा. दोन बाजूंनी उघडा, आणि तिथला दगड निसटला की दोन्ही भिंती जातात. तरीही आतले लोक मधल्या आडव्या भिंतीमागे सरकले आणि लढत राहिले. म्हणजे ती भिंत खरंच कामाला आली! शेवटी ते हरले ते भुकेने. घोडे मारून खाल्ले, तेही संपले, आणि ३० नोव्हेंबरला त्यांनी शरणागती पत्करली. पडलेला कोपरा नंतर गोल बांधला. आज तिथे तीन कोपरे चौकोनी आणि एक गोल दिसतो.

दुसरा वेढा देवगिरीचा, १२९६ चा. अल्लाउद्दीन खिलजी अचानक चालून आला. यादवांची मुख्य फौज राजपुत्राबरोबर बाहेर गेलेली. राजा रामचंद्रदेव किल्ल्यात शिरून बसला. फिरिश्ता या इतिहासकाराने सांगितलेली हकिकत अशी की घाईघाईत व्यापाऱ्यांची पोती धान्याची समजून आत घेतली, आणि वेढा पडल्यावर उघडून बघतात तर काय, मीठ! फिरिश्ताने हे तीनशे वर्षांनंतर लिहिलंय हे खरं. पण राजाला तह करावा लागला आणि प्रचंड खंडणी द्यावी लागली, हे इतिहासात पक्कं आहे. आपल्या गोंदियात राइस मिलवर साधं धानाचं पोतं घेतानाही टोकदार नळी खुपसून दाणे हातावर घेऊन बघतात. दोनशे मीटरच्या डोंगराला जे जमलं नाही ते त्या एका नळीने केलं असतं!

तिसरा वेढाही देवगिरीचाच, १६३३ चा. आता मुघल सरदार महाबतखान आला होता. निजामशाहीचा कर्ता वजीर मलिक अंबर १६२६ मध्ये वारला होता आणि किल्ला त्याचा मुलगा फतेहखान याच्या हातात होता. मुघलांनी सुरुंग लावून बाहेरचे कोट फोडले. म्हणजे रचीव भिंती इथेही पडल्या. पण आत धान्य संपत आलं, रोगराई पसरली, आणि जूनमध्ये फतेहखानाने किल्ला मुघलांच्या हवाली केला. अंधारीत धूर करायची वेळच आली नाही! बापाने ज्याचा अंबरकोट बांधला, तो किल्ला मुलाने सोडला.

तिन्ही वेढ्यांत एक गोष्ट सारखी आहे. शेवटचा आसरा कुठेही पूर्णपणे फुटला नाही. तो आतून रिकामा झाला.

आत कोण आणि बाहेर कोण?

आणखी एक गोष्ट मला हे वाचताना सतत टोचत राहिली. १२९६ मध्ये राजा वर होता, पण देवगिरीचं शहर खाली होतं. व्यापारी, विणकर, कुंभार, बायका-मुलं सगळी खाली. लुटलं गेलं ते शहर. कितीही भक्कम असला तरी डोंगर त्यांच्यासाठी नव्हता. तीच गोष्ट नॉर्मन कीपची. तो मुळात बांधलाच होता तिथल्या लोकांवर वचक ठेवायला. जुन्या फ्रेंचमध्ये कीपला 'दॉन्जॉन' म्हणायचे, म्हणजे धन्याचा मनोरा. त्याच शब्दापासून पुढे इंग्रजीत 'डंजन' म्हणजे तळघरातली अंधारकोठडी झाली. शब्दाचा हा प्रवासच बोलका आहे. व्हाइट टॉवरमध्ये ११०० मध्येच रॅनल्फ फ्लॅम्बर्ड हा बिशप कैदी होता. तो दारूच्या पिंपातून आलेल्या दोरावरून उतरून पळाला ही गोष्ट वेगळी! देवगिरीच्या चिनी महालात गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशाह औरंगजेबाच्या कैदेत राहिला आणि कैदेतच वारला.

मात्र त्याच देवगिरीवर संत एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी किल्लेदार होते आणि नाथांनी त्यांच्याजवळ तिथेच शिक्षण घेतलं, हेही विसरून चालणार नाही. दगड तोच असतो, आत कोण आहे यावर त्याची किंमत ठरते.

आपल्या जवळचा किल्ला

देवगिरी आपल्यापासून लांब आहे, पण तुमसर तालुक्यातला अंबागड तर जवळच आहे. १९९९ पर्यंत गोंदिया भंडारा जिल्ह्यातच होता, म्हणजे तो आपल्याच जुन्या जिल्ह्यातला किल्ला. देवगडच्या गोंड राजा बख्त बुलंदशाहाच्या वतीने राजाखान पठाण याने १७०० च्या सुमारास तो बांधला. पुढे नागपूरकर भोसल्यांनी त्याचा तुरुंग केला. तिथल्या विहिरीचं साचलेलं घाणेरडं पाणी पाजून कैद्यांना मारत असत, अशी जुन्या गॅझेटियरमध्ये नोंद आहे. ज्या पाण्यावर किल्ला जगतो, त्याच पाण्याने माणसं मारली गेली. यावर मी वेगळं काय बोलणार?

मित्रांनो, उद्या आपल्यापैकी कोणी पूल बांधेल, कोणी धरण, कोणी वसतिगृह. भिंतीची जाडी आपण बरोबर काढू, त्यासाठी कोड आहेत, सॉफ्टवेअर आहे आणि चुका दाखवायला सर आहेत. पण पोत्यात धान्य आहे की मीठ, टाकीत पाणी आहे की नाही, आणि संकटाच्या वेळी दार कोणासाठी उघडणार, हे कोणत्याही कोडमध्ये लिहिलेलं नसतं. ते बांधणाऱ्याने आणि सांभाळणाऱ्याने स्वतःच विचारायचं असतं.

तेव्हा यंदा सुट्टीत अंबागडला जाल तर फोटो जरूर काढा. पण आधी पाण्याची जागा शोधा, मग दार कुठल्या बाजूला वळवलंय ते बघा, आणि एखादा कोपरा कशामुळे टिकलाय याचा विचार करा. आणि हो, तटाच्या दगडांवर आपलं नाव कोरू नका. ज्यांनी ते दगड रचले, त्यांनीही आपली नावं लिहिलेली नाहीत!

— तृतीय वर्ष, सिव्हिल